घरी असलेली मंडळी

येत्या मंगळवारी आमच्या चर्चच्या वेस्ट्रीपुढे एक ठराव येतो आहे. वेस्ट्री म्हणजे मंडळीने निवडून दिलेली कार्यकारिणी, आपल्याकडच्या पास्टोरेट कमिटीसारखी. रविवारच्या उपासनेचं थेट प्रक्षेपण आणि बुधवारची झूमवरची रात्रीची प्रार्थना, दोन्ही आता बंद करावीत, असा तो ठराव. कॅमेरा सांभाळायला दर आठवड्याला माणूस शोधावा लागतो, इंटरनेटचं बिल येतं, महासाथ संपून काळ लोटला. पण ठराव मांडणाऱ्यांचा खरा मुद्दा वेगळा आहे. घरबसल्या उपासना मिळत राहिली तर लोक चर्चला यायचेच नाहीत, असं त्यांना वाटतं. मीही वेस्ट्रीवर आहे आणि ठरावाच्या विरोधात मत देणार आहे. का, ते नीट मांडावंसं वाटलं, कारण हा प्रश्न आमच्या एकट्या चर्चचा राहिलेला नाही.

मी नगरची. सी.एन.आय.च्या मंडळीत वाढले. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालं तेव्हा त्यात इतर पंथांबरोबर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले लोकही सामील झाले आणि ते चर्च आजही जगभरच्या अँग्लिकन कुटुंबात मोजलं जातं. अमेरिकेतलं एपिस्कोपल चर्च त्याच कुटुंबातलं, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं होऊन उभं राहिलेलं. लग्नानंतर मेरीलँडला आले तेव्हा पहिल्या रविवारी प्रार्थनापुस्तक हातात घेतलं, आणि भाषा परकी असूनही पुढचं वाक्य कुठे वळणार ते कानाला आधीच कळत होतं. त्या दिवसापासून हीच माझी मंडळी.

मार्च २०२० मध्ये इथे काय झालं ते आधी सांगते. ७ मार्चला वॉशिंग्टन शहरातला पहिला कोरोना रुग्ण जाहीर झाला, आणि तो निघाला जॉर्जटाउनमधल्या एका एपिस्कोपल चर्चचा रेक्टर, म्हणजे मुख्य धर्मगुरू. ज्या हातांनी रविवारी भाकर वाटली होती तेच हात. त्या मंडळीतल्या शेकडो लोकांना घरात थांबायला सांगण्यात आलं आणि दुसऱ्या दिवशीची रविवारची उपासना रद्द झाली. ते धर्मगुरू पुढे बरे झाले. पण आमच्या भागातल्या प्रत्येक एपिस्कोपल माणसाला त्या एका बातमीने कळून चुकलं की हे संकट दूरचं नाही, अगदी वेदीपाशी येऊन ठेपलं आहे. मार्चच्या मध्यापर्यंत बिशपांनी एकामागून एक चर्चेस बंद केली. तेव्हाचे प्रिसायडिंग बिशप, म्हणजे एपिस्कोपल चर्चचे प्रमुख, मायकल करी यांनी देशभरच्या मंडळ्यांना तसंच सांगितलं. १२ एप्रिलचा ईस्टर आला आणि चर्चच्या दाराला कुलूप होतं.

कुलूप लागलं त्याच आठवड्यात आमच्या पाळकबाईंनी मंडळीच्या नोंदवहीतून फोनची यादी काढली. एकशे चाळीस घरं नऊ जणांत वाटून दिली. माझ्या वाट्याला सोळा आली. आठवड्यातून एकदा प्रत्येक घरी फोन करायचा. जेवणखाण आहे का, औषधं कोण आणतं, कोणाशी बोलणं होतं का, एवढंच विचारायचं. यादीतलं चौथं नाव चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका बाईंचं होतं. कंबरेचं हाड मोडल्यापासून सहा वर्षं त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'येऊ शकत नाहीत'. मी फोनवर बिचकत म्हटलं की सध्या चर्च बंद आहे, तुम्हाला चुकल्यासारखं वाटत असेल. त्या म्हणाल्या, "मला यात नवीन काही नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही सगळे माझ्यासारखे झालात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. मी मात्र फोन ठेवून बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिले. सहा वर्षं दर रविवारी आम्ही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना त्यांचं नाव मोठ्याने घेत होतो. नाव घेणं आणि त्यांच्यापर्यंत काही पोचणं यांत किती अंतर आहे, हे कधी मनात आलं नव्हतं.

त्या वसंतात एपिस्कोपल चर्चमध्ये एक मोठा वाद झाला. बाहेरच्या माणसाला तो किरकोळ वाटेल, पण माझ्या म्हणण्याचा गाभा त्यातच आहे. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी, हे या चर्चच्या रविवारच्या उपासनेचं केंद्र, १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात तसं स्पष्ट लिहिलं आहे. मग चर्च बंद असताना करायचं काय? घरोघरी लोकांनी टेबलावर भाकर आणि द्राक्षारस मांडून पडद्यासमोर बसावं आणि धर्मगुरूंनी कॅमेऱ्यातून त्यांवर प्रार्थना म्हणावी, हे चालेल का? वेस्टर्न लुइझियानाच्या बिशपांनी एप्रिलमध्ये याला परवानगी दिली, मग करींशी बोलणं झाल्यावर ती मागे घेतली. चर्चची भूमिका अशी राहिली की प्रभुभोजन एकत्र जमूनच होतं, वीस मैलांवरच्या टेबलावरची भाकर कॅमेऱ्यातून पवित्र होत नाही. मला ती भूमिका पटली, आजही पटते. उपास पडला तर तो उपास म्हणून सोसावा, त्याला जेवण म्हणू नये.

पण त्याच प्रार्थनापुस्तकात, आजाऱ्यांच्या सेवेच्या भागात, एक सूचना आहे. एखाद्याला प्रभुभोजन घ्यायची इच्छा आहे, पण आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे त्याला खाता-पिता येत नसेल, तर धर्मगुरूने त्याला खात्री द्यावी की तोंडाने घेतलं नाही तरी प्रभुभोजनाचे सगळे लाभ त्याला मिळाले आहेत. सगळे, असा शब्द आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये देशभरच्या मंडळ्यांनी हे वाक्य शोधून काढलं आणि स्वतःला लावून घेतलं. चांगलंच केलं. मात्र ते वाक्य निरोग्यांसाठी लिहिलेलं नव्हतं. ते माझ्या यादीतल्या चौथ्या नावासाठी होतं. अंथरुणावरचा माणूस मंडळीबाहेर नसतो हे पुस्तकात कधीचं छापून ठेवलेलं होतं, आम्ही ते पान स्वतःवर वेळ आल्यावर उघडलं.

प्रभुभोजन नाही म्हटल्यावर बऱ्याच चर्चेसनी जुनी सकाळची उपासना पुन्हा सुरू केली. तिला धर्मगुरू लागत नाही, मंडळीतलं कोणीही ती चालवू शकतं. आमच्याकडे एक शाळामास्तर, एक परिचारिका आणि मी, असे आळीपाळीने ती वाचायचो. त्या वर्षीच्या शरदातलं आठवड्याचं पत्रक अजून माझ्या फ्रिजवर आहे. रविवारी दहा वाजता झूमवर सकाळची उपासना, नंतर अर्धा तास कॉफी, प्रत्येकाने आपापल्या घरची. बुधवारी रात्री नऊला कॉम्प्लिन, म्हणजे झोपण्यापूर्वीची प्रार्थना. शनिवारी सकाळी चर्चच्या आवारात धान्यवाटप, गाडीतून उतरू नये, डिकी उघडी ठेवावी. आणि सगळ्यात खाली, फोनच्या यादीसाठी आणखी दोन स्वयंसेवक हवेत. चर्च बंद आहे असं बाहेरून दिसत होतं त्या दिवसांतलं हे वेळापत्रक.

गाणं मात्र गेलं, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. आम्ही नगरची माणसं पेटी, तबला, झांज यांच्याशिवाय देवाचं नाव घेत नाही. इथेही मी गायकवृंदात होते. पण १० मार्च २०२० ला वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅलीच्या गायकवृंदाची तालीम झाली होती. एकसष्ट माणसं जमली होती, अडीच तास गायली, आणि त्यांतल्या त्रेपन्न जणांना लागण झाली किंवा झाल्याची दाट शक्यता होती. दोघं दगावली. हा अहवाल मे महिन्यात वाचल्यावर आमच्या गायकवृंदात कोणी वाद घातला नाही. शेजारच्याच्या श्वासात श्वास मिसळणं हीच समूहगायनाची गोडी, आणि धोकाही तोच.

याच काळात न्यायालयात दुसरी लढाई चालली होती. चर्चमध्ये किती माणसं बसावीत हे ठरवायचा सरकारला अधिकार आहे का? २९ मे २०२० ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातल्या एका चर्चची मागणी पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. २५ नोव्हेंबरला, मधल्या काळात एक न्यायाधीश बदलल्यावर, पाच विरुद्ध चारनेच न्यूयॉर्कच्या निर्बंधांना स्थगिती दिली. तिथे संसर्ग सर्वांत जास्त असलेल्या लाल पट्ट्यात दहा आणि केशरी पट्ट्यात पंचवीस माणसांची मर्यादा होती, आणि ब्रुकलिनचा कॅथलिक धर्मप्रांत आणि ज्यूंची एक संस्था दाद मागायला गेली होती. सरकारने देवळाला बाजारापेक्षा कडक नियम लावू नयेत, हे म्हणणं मला मान्य आहे. उपासनेचा हक्क खराच आहे, आणि अल्पसंख्याक समाजात वाढलेल्या माझ्यासारखीला त्याची किंमत कोणी समजावून सांगायला नको. पण हक्क मिळाला म्हणून तो त्याच रविवारी वापरायलाच हवा, असं होत नाही. त्या हिवाळ्यात कायदा परवानगी देत होता तिथेही अनेक एपिस्कोपल मंडळ्या घरीच राहिल्या. भीतीपोटी, असं त्यांच्याबद्दल बोललं गेलं. आमच्या पत्रकात पाळकबाईंनी लिहिलं होतं की आपण आत बसू शकतो, प्रश्न एवढाच की दाराशी कोणाला थांबवायचं.

एक आक्षेप मात्र मला झोपू देत नसे. याच एपिस्कोपल चर्चमध्ये ९ सप्टेंबर हा दिवस मेम्फिसच्या सिस्टर कॉन्स्टन्स आणि त्यांच्या सोबतिणींच्या स्मरणाचा आहे. १८७८ मध्ये मेम्फिसला पिवळ्या तापाची साथ आली, ज्यांना जमलं ते शहर सोडून पळाले, आणि या जोगिणी थांबून रोग्यांची सेवा करत एकामागून एक गेल्या. आपल्याकडे १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेतलं, दवाखान्यात पोचवलं, आणि १० मार्चला त्या स्वतः प्लेगने गेल्या. अशा बायकांचं नाव घेणाऱ्यांनी कुलूप लावून घरी बसावं? मी यावर खूप विचार केला. कॉन्स्टन्स काय, सावित्रीबाई काय, त्यांनी दुसऱ्याचं मरण स्वतःच्या अंगावर घेतलं. २०२० मध्ये बाकावर बसून मोठ्याने गाणारा माणूस स्वतःकडचं मरण दुसऱ्याच्या अंगावर घालत होता, आणि ते त्याला माहीतही नसायचं. कृती उलटी झाली कारण रोगाची वाट उलटी होती. आमच्यातली जी परिचारिका रविवारी सकाळची उपासना वाचायची, ती शनिवारची रात्रपाळी संपवून आलेली असायची. मेम्फिसचा वारसा सांगायचाच तर तिने सांगावा.

वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलची एक गोष्ट मला याच ओळीतली वाटते. मार्च २०२० मध्ये देशात मास्कचा तुटवडा असताना तिथल्या दगडकामाच्या मुख्य कारागिराला आठवलं की बऱ्याच वर्षांपूर्वी बर्ड फ्लूच्या धास्तीने घेतलेले मास्क तळघरात पडून आहेत. पाच हजारांहून अधिक निघाले. ते जॉर्जटाउनच्या आणि लहान मुलांच्या अशा दोन रुग्णालयांना देऊन टाकले. पुढे त्याच कॅथीड्रलची मोठी घंटा मृतांसाठी वाजू लागली, हजार माणसांमागे एक ठोका. सप्टेंबरमध्ये दोनशे ठोके, डिसेंबरमध्ये तीनशे. जानेवारी २०२१ मध्ये चारशे ठोके होते, ते मी संगणकावर ऐकायला बसले, आणि दीडशेच्या पुढे मोजायचं सोडून दिलं.

आता उलट बाजू, कारण पडद्याची गरिबी मलाही पुरती ठाऊक आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, माझे मोठे काका नगरला गेले. मला विमान मिळालं नाही. धाकटा भाऊ दफनभूमीत मोबाईल धरून उभा होता, वाऱ्याने पाळकांचा आवाज तुटत होता, आणि मग त्याचा हात थरथरल्याने मला नुसतं आभाळ दिसायला लागलं. मी इकडे मूठ मिटून बसले होते. पडद्यातून माती देता येत नाही. त्यानंतर मला कोणी ऑनलाइन आणि प्रत्यक्ष यांत फरक नाही असं सांगायला आलं तर मी ऐकून घेणार नाही.

बंद दाराची किंमत आणखीही होती. आमच्या चर्चच्या तळघरात आठवड्यातून चार संध्याकाळी दारू सोडलेल्या माणसांची अल्कोहोलिक्स अनॉनिमसची बैठक भरते. अमेरिकेतल्या असंख्य चर्चेसच्या तळघरांत ती भरते, आणि त्या चळवळीच्या सुरुवातीच्या दिवसांत न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी या एपिस्कोपल चर्चचे रेक्टर सॅम्युअल शूमेकर यांचा मोठा आधार होता. त्या माणसांना रात्री आठला कुठेतरी जाऊन बसणं हाच उपचार असतो. त्यांच्यासाठी आम्ही आवारात खुर्च्या मांडायला ऑगस्ट उजाडला. तो उशीर आमच्याकडून झाला. दार लावायचं की नाही यावर आम्ही इतकं बोललो, दाराबाहेर कोण उभं आहे ते बघायला पाच महिने लागले.

म्हणून २०२२ च्या जानेवारीत एका अँग्लिकन धर्मगुरू बाईंनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये जेव्हा लिहिलं की चर्चेसनी आता ऑनलाइन उपासना थांबवाव्यात, माणसाला शरीर आहे आणि उपासना शरीराने करायची असते, तेव्हा त्यातलं अर्धं मला मनापासून पटलं. आमच्या ठरावामागेही तोच विचार आहे. पण शरीर म्हटलं की ते कोणाचं? कंबर मोडलेलं शरीरही शरीरच. केमोथेरपी चालू असलेलं, ज्याला साधी सर्दी परवडत नाही, तेही. डिमेन्शिया झालेल्या नवऱ्याला एकटं सोडून जी बाई तासभरही बाहेर पडू शकत नाही, तिचंही. शरीराने या, असं सांगणाऱ्याने आधी बघावं की कोणाचं शरीर त्या पायऱ्या चढू शकतं. आमच्या चर्चला अकरा पायऱ्या आहेत, आणि मागच्या बाजूचा उतार हिवाळ्यात बर्फाने बंद होतो.

लोक आळशी होतील ही भीती मी हलकी मानत नाही. काही झालेही असतील. पण मी गेल्या तीन महिन्यांची यादी काढून पाहिली. दर रविवारी साधारण बावीस घरं पडद्यावरून जोडलेली असतात. त्यांतल्या सोळा घरांत कोणीतरी आजारी, म्हातारं किंवा आजाऱ्याची सेवा करणारं आहे. दोन मुलं दूरच्या कॉलेजात आहेत. एक कुटुंब ओहायोला राहायला गेलं, त्यांना तिथे अजून मंडळी सापडलेली नाही. राहिली तीन. त्या तीन घरांना मी स्वतः जाऊन चर्चला या म्हणायला तयार आहे. त्यांच्यासाठी बाकीच्या एकोणीस घरांची खिडकी लावून घेणं मला मान्य नाही.

त्या एकोणीस घरांतलं एक घर माझ्या आईचं आहे, नगरचं. उन्हाळ्यात आमची दहाची उपासना तिला संध्याकाळी साडेसातला मिळते. बुधवारची कॉम्प्लिन तिच्याकडे गुरुवारी सकाळी साडेसहाला पोचते. आम्ही झोपायला निघालेलो, ती नुकती उठून चहा टाकलेला. त्या प्रार्थनेत एक मागणं आहे, या रात्री जे काम करतात, जागतात किंवा रडतात त्यांच्याजवळ राहा. २०२० च्या जूनमध्ये एकदा तिचा माइक चुकून चालू राहिला. पडद्यावरचे सगळे माइक बंद ठेवायचा नियम होता, कारण एकदम म्हटलं की आवाज मागेपुढे होऊन गोंधळ उडायचा. त्यामुळे प्रभूची प्रार्थना वाचणाऱ्याच्या एकट्याच्या आवाजात ऐकू यायची. त्या रात्री तिच्या आवाजात ऐकू आली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो." मागे कुकरची शिट्टी. कोणी तिला थांबवलं नाही. वाचणारे मास्तर मध्येच गप्प झाले आणि तिने ती शेवटपर्यंत एकटीने म्हटली.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या बाई पुढे तीन वर्षं दर रविवारी पडद्यावर असायच्या, केस नीट विंचरून, गळ्यात मोत्यांची माळ घालून. २०२१ च्या उन्हाळ्यापासून आमच्यातले दोघं-तिघं महिन्यातून एकदा त्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जाऊ लागले. फक्त भाकर, कारण सामायिक प्याला तेव्हा अजून बंदच होता. या भेटींची परवानगी चर्चच्या नियमांत आधीपासून होती. त्या सहा वर्षांत आम्हाला या भेटी सुचल्या नाहीत, कारण बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर नव्हता. कॅमेऱ्यामुळे तो दर रविवारी आमच्यासमोर आला, आणि त्यानंतर आम्ही जिने चढून त्यांच्यापर्यंत गेलो. कॅमेरा माणसाला घरी बसवतो असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगणार आहे की आमच्या बाबतीत त्याने उलट, चर्चमधल्या माणसांना उठवून बाहेर पाठवलं.

मंगळवारी मी मत विरोधात देईन. कॅमेरा सांभाळायला माणूस मिळत नसेल तर महिन्यातले दोन रविवार माझे धरावेत. आणि ठराव मंजूर झालाच, तर माझी एक मागणी असेल. बंद होत असल्याचं त्या बावीस घरांना ईमेलने कळवू नये. कोण कोणाला फोन करणार ते त्याच बैठकीत, नावासकट ठरावं. माझ्या आईला मी सांगेन, आणखी पाच नावंही मी घेते.